विनोदी कवितेचे वृत्त, यमक आणि पुनरावृत्ती कशी तपासावी?

विनोदी कविता ऐकून हसू आले की त्याचे श्रेय आपण बहुधा कवितेतल्या प्रसंगाला किंवा एखाद्या कोटीला देतो. पण तोच प्रसंग गद्यात सांगून पाहा. हसू निम्म्यावर येते, कधी येतच नाही. प्रसंग तोच असतो, मग मधे हरवते काय? हरवते ती ओळीची चाल, ओळीच्या टोकाला जुळणारे ध्वनी आणि पुन्हा पुन्हा कानावर येणारे शब्द. यांनाच आपण वृत्त, यमक आणि पुनरावृत्ती म्हणतो.

कवितेच्या रसग्रहणात या तिन्हींची नावे येतात, पण बहुतेक वेळा नुसती नावेच. ‘वृत्त अमुक, यमक तमुक, पालुपदामुळे नादमाधुर्य आले आहे’ असे लिहून पुढचा मुद्दा सुरू होतो. हे चूक नसते, पण त्यातून कविता का हसवते ते कळत नाही. गंभीर कवितेलाही वृत्त असते, आरतीलाही पालुपद असते. म्हणून विनोदी कविता तपासताना नाव सांगून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: ही गोष्ट इथून काढली किंवा बदलली, तर हसू टिकते का? या लेखात हाच प्रश्न एका छोट्या कवितेला विचारून पाहू.

नमुन्याची कविता

खालची कविता या लेखासाठीच रचली आहे. तिच्या ओळी मोडायच्या, शब्द बदलायचे आणि पुन्हा जोडायचे आहेत. ते कुणा कवीच्या कवितेवर करण्यापेक्षा घरच्या नमुन्यावर केलेले बरे.

उपास

सकाळीच केला मनाशी इरादा,
नको तेल आता, नको तूप जादा;
कढाईत कोणी खुणावीत राहे...
वडा एक खातो, उपाशीच आहे!

बिचारा वडा एकटा का रहावा?
तयाला दुजा सोबतीला असावा;
घरातील डोळा कुणाचा न पाहे...
वडे दोन खातो, उपाशीच आहे!

उरे एक ताटी, तया का त्यजावे?
कसे अन्न वाया कुणी घालवावे?
व्रताचा असा भार हा जीव साहे...
वडे तीन खातो, उपाशीच आहे!

वडे चार झाले, वडे पाच झाले,
कुणी मोजले अन् कुणाला कळाले?
घरी माय येता रिते ताट पाहे...
‘जरा वाढ काही, उपाशीच आहे!’

पुढे जाण्याआधी ही कविता एकदा मोठ्याने म्हणा. डोळ्यांनी वाचलेल्या कवितेचे वृत्त कळायला वेळ लागतो. तोंडाने म्हटलेल्या कवितेची चाल दुसऱ्या ओळीतच सापडते.

वृत्त: आधी मोजणी

मराठी पद्यरचनेचे ढोबळ तीन प्रकार मानतात. अक्षरगणवृत्तात ओळीतल्या अक्षरांची संख्या आणि त्यांचा लघु-गुरू क्रम दोन्ही ठरलेले असतात. मात्रावृत्तात, म्हणजे जातीत, मात्रांची बेरीज आणि त्यांचे गट जुळावे लागतात. छंदात अक्षरसंख्येला महत्त्व असते. ओवी आणि अभंग हे त्यातले सर्वांच्या ओळखीचे. या विषयावरचा मराठीतला मोठा ग्रंथ म्हणजे माधव जूलियन, अर्थात माधव त्र्यंबक पटवर्धन (१८९४–१९३९), यांचा ‘छंदोरचना’. पण आपल्या कामापुरते नियम थोडे आहेत.

अ, इ, उ, ऋ हे स्वर असलेले अक्षर लघु, त्याची एक मात्रा. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेले अक्षर गुरू, त्याच्या दोन मात्रा. लघु अक्षरापुढे जोडाक्षर आले आणि उच्चारात त्याचा आघात मागच्या अक्षरावर पडला तर ते अक्षरही गुरू होते. लघुसाठी ‘ल’ आणि गुरूसाठी ‘गा’ लिहिण्याची पद्धत सोपी आहे, ती इथे वापरू.

आघाताची अट मराठीत महत्त्वाची आहे. ‘पुण्य’ म्हणताना पु वर जोर येतो, म्हणून ते ‘गाल’. ‘मी पुण्यात राहतो’ म्हणताना तसा जोर येत नाही, म्हणून गावाच्या नावातला पु लघुच राहतो आणि ‘पुण्यात’ हे ‘लगाल’ होते. लिहायला सारखे दिसणारे दोन शब्द वजनाला वेगळे निघतात. म्हणून मोजणी कागदावरच्या खुणांवरून करू नये, कानाने करावी. आपल्या कवितेत ‘अन्न’ या शब्दात जोर स्पष्ट आहे, तिथे अ गुरू आहे.

आता पहिली ओळ फोडू:

सकाळी | च केला | मनाशी | इरादा
लगागा | लगागा | लगागा | लगागा

कोणतीही दुसरी ओळ घेतली तरी हाच साचा निघेल:

कसे अन् | न वाया | कुणी घा | लवावे
लगागा | लगागा | लगागा | लगागा

‘लगागा’ या तीन अक्षरांच्या गटाला यगण म्हणतात. ‘यमाताराजभानसलगं’ या जुन्या सूत्रातली पहिली तीन अक्षरे, ‘यमाता’, म्हणून पाहिली की ते लक्षात राहते. असे चार यगण, म्हणजे बारा अक्षरे आणि वीस मात्रा, म्हणजे भुजंगप्रयात वृत्त. नावाचा अर्थ सापाची चाल.

मोजताना एक गोष्ट नवख्याला अडवते. बोलताना आपण ‘एक’ हा शब्द ‘एक्’ असा म्हणतो, शेवटचा अ गिळतो. वृत्तात मात्र ए आणि क ही दोन अक्षरे आहेत आणि दोन्ही ऐकू यायला हवीत. ‘वडा एक खातो’ मधला क बोलण्यासारखा गिळला की सहा अक्षरांची पाच होतात आणि चाल लंगडते. काव्यवाचनात विनोदी कविता पडते त्याचे कारण कित्येकदा इतके साधे असते.

सहावा वडा कुठे गेला?

आता थोडी मजा. कवितेत वड्यांची गणती होते: एक, दोन, तीन, चार, पाच. हे सगळे शब्द ‘गाल’ वजनाचे आहेत, त्यामुळे ‘वडे ___ खातो’ या रिकाम्या जागेत ते आपसूक बसतात. पुढे जाऊन ‘वडे सहा खातो’ म्हणून पाहा. जीभ अडखळते. ‘सहा’ हा शब्द ‘लगा’ आहे, उलटा. आता ‘वडे सात खातो’ म्हणा. पुन्हा सुरळीत. आठही चालतात. नऊ आणि दहा पुन्हा अडतात.

‘वडे सहा खातो’ आणि ‘वडे सात खातो’ या दोन्हींत अक्षरे सहा आहेत, मात्रा दहा आहेत. बेरीज अगदी सारखी, तरी एक चालते आणि दुसरी अडते, कारण अक्षरगणवृत्तात बेरजेबरोबर क्रमही पाळावा लागतो. हा भेद व्याख्या पाठ करून जितका कळत नाही तितका या दोन वड्यांच्या फरकातून कळतो. गणती पुढे न्यायची असती तर कवीला एक तर पाचावरून थेट सातावर उडी मारावी लागली असती, नाही तर ‘सहावा वडा’ अशी शब्दांची मांडणी बदलावी लागली असती. ‘सहावा’ हा शब्द बरोबर ‘लगागा’ आहे. उडी मारणे अधिक विनोदी ठरले असते, कारण मधला वडा उपास करणाऱ्याने हिशेबाबाहेर खाल्ला असे वाचकाने समजून घेतले असते. वृत्ताची अडचण अशी कधी कधी विनोदाच्या कामी येते, आणि चांगला विनोदी कवी तिची वाटच पाहत असतो.

कवीने घेतलेली मोकळीक

वृत्तासाठी शब्दांची रूपे कुठे बदलली आहेत हेही पाहावे. आपल्या कवितेत तीन ठिकाणी हे घडले आहे. रोजच्या मराठीत आपण ‘कढईत’ म्हणतो. ते ‘ललगाल’ असल्याने बसत नाही, म्हणून ‘कढाईत’. लिहिताना ‘राहावा’ हे रूप बरोबर. ओळीला शेवटी ‘लगागा’ हवे, म्हणून ‘रहावा’. आणि ‘कळले’ ऐवजी ‘कळाले’, जे बोलण्यात ऐकू येतेच. शुद्धलेखनाच्या नियमांनीही पद्यात वृत्तासाठी ह्रस्व-दीर्घाची मोकळीक दिलेली आहे. मुद्रितशोधकाने भल्या हेतूने ‘रहावा’चे ‘राहावा’ केले तर शब्द सुधारतो आणि ओळ मोडते. गंभीर कवितेत अशी मोडलेली ओळ वाचक सांभाळून घेतो. विनोदी कवितेत ती जागाच मेली म्हणून समजा, कारण अडखळलेल्या ओळीनंतर आलेल्या विनोदाला कान तयार नसतो.

हेच वृत्त का?

नाव ठरले, मोजणी झाली. आता मूळ प्रश्न: दुसऱ्या वृत्तात हीच गोष्ट तितकीच हसवेल का?

भुजंगप्रयात म्हटले की मराठी माणसाच्या कानात समर्थ रामदासांचे ‘मनाचे श्लोक’ जागे होतात. दोनशे पाच श्लोक, सगळे याच वृत्तात, आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी संध्याकाळी दिव्यापुढे बसून म्हटलेले. या चालीला संयमाचा, उपदेशाचा, मनाला वळण लावण्याचा वास आहे. त्या चालीत एक माणूस वडा खातो आणि वर मी उपाशीच आहे म्हणून सांगतो. ओळीची चाल एक वचन देते, ओळीतला माणूस ते मोडतो. हसू या फटीतून येते. कवितेत कुठल्याही श्लोकाचा उल्लेख नाही, तशी गरजही नाही. पहिल्याच ओळीतला ‘मनाशी’ हा शब्द आणि चाल मिळून ती आठवण करून देतात.

खात्री करायची असेल तर गोष्ट दुसऱ्या चालीत घालून पाहा. पादाकुलक ही सोळा मात्रांची जाती आहे, आठ-आठच्या दोन भागांची, बालगीतांत आणि गाण्यांत पुष्कळ वापरलेली:

एकच खातो वडा बापडा,
पोट अजूनी तसे रिकामे

मोजून पाहा, दोन्ही ओळी सोळा मात्रांच्या आहेत, चाल ठीक आहे. गंमतही आहे, पण ती लहान मुलाच्या लबाडीची. व्रताचा, निग्रहाचा, स्वतःला शहाणपण शिकवण्याचा भाग निघून गेला. माणूस खोटे बोलतो एवढेच उरले. तो पुण्यवान माणसाच्या आवाजात खोटे बोलतो, हे राहिले नाही. रसग्रहणात लिहायची गोष्ट ही आहे.

इथे विडंबनाचा उल्लेख करायला हवा, कारण या दोन गोष्टींची गल्लत होते. विडंबनात एखादी विशिष्ट कविता डोळ्यांपुढे असते. ‘केशवकुमार’ या नावाने प्रल्हाद केशव अत्रे (१८९८–१९६९) यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये केले ते हे. अशा विडंबनात मूळ कवितेचे वृत्त जसेच्या तसे ठेवणे भाग असते, कारण मूळ ओळी मागे ऐकू आल्या नाहीत तर विडंबन कशाचे हेच कळत नाही. आपल्या नमुन्यात कोणतीही एक कविता मागे नाही. मागे आहे ती एका वृत्ताची प्रतिष्ठा. पहिला प्रकार तपासताना मूळ कविता शेजारी ठेवून वाचावी. दुसऱ्यात ते वृत्त मराठीत कोणकोणत्या कामांसाठी वापरले गेले याची आठवण पुरते.

ओळीचे दोन तुकडे

एकेक ओळ सहाव्या अक्षरापाशी कशी थांबते तेही पाहा. ‘वडा एक खातो’ इथे श्वास, मग ‘उपाशीच आहे’. दोन्ही तुकडे सहा-सहा अक्षरांचे, दहा-दहा मात्रांचे, तराजूच्या दोन पारड्यांसारखे. एका पारड्यात कबुली, दुसऱ्यात इन्कार. वजन समान असल्यामुळे दोन्ही विधाने तितक्याच खात्रीने ऐकू येतात, आणि तीच मौज आहे.

सोळापैकी तेरा ओळी अशा मधे थांबतात. ‘बिचारा वडा एकटा का रहावा’, तिच्यानंतरची ओळ आणि ‘व्रताचा असा भार हा जीव साहे’ या तीन ओळींत मधली जागा शब्दाच्या पोटात येते. नेमक्या याच ओळींत आपला माणूस सबब रचतो आहे, त्यामुळे ओळ न थांबता घसरत पुढे जाते. कवीने हे ठरवून केले असेलच असे म्हणायचे कारण नाही. वाचताना ते जाणवते, आणि रसग्रहण करणाऱ्याने जाणवते तेवढेच नोंदवावे.

याच ओळीतला ‘च’ सोडून चालणार नाही. ‘उपाशी आहे’ म्हटले तर एक अक्षर कमी पडते, वृत्त मोडते. म्हणजे ‘च’ मोजणीसाठी लागतो. पण तो नुसता भरीचा नाही, कारण सगळी लबाडी त्याच्यातच आहे. खरोखर उपाशी माणूस ‘मी उपाशी आहे’ म्हणतो. ‘उपाशीच आहे’ म्हणणाऱ्याला कुणीतरी शंका विचारलेली असते. वृत्त भरण्यासाठी आलेला शब्द आणि अर्थाला लागणारा शब्द एकच निघाला, तर ती ओळ पक्की समजावी. ‘भार हा जीव साहे’ मधला ‘हा’ पाहिला तर तो तितका कमावता नाही. उसासा टाकण्याइतकाच त्याचा उपयोग.

यमक

मराठीत ‘यमक’ हा शब्द आपण सरसकट ओळीच्या शेवटी जुळणाऱ्या ध्वनींसाठी वापरतो. नुसते शेवटचे अक्षर जुळले तर यमक कच्चे वाटते. त्याच्या आधीच्या अक्षराचा स्वरही जुळावा लागतो: इरादा–जादा मध्ये ‘आदा’, झाले–कळाले मध्ये ‘आले’. या कवितेत ओळी जोडीने जुळतात, पहिली दुसरीशी आणि तिसरी चौथीशी. शिवाय चारही कडव्यांची तिसरी ओळ त्याच एका ‘आहे’कडे धावते: राहे, पाहे, साहे, पाहे.

विनोदी कवितेत यमकाचे पहिले काम घंटेचे असते. दुसऱ्या कडव्यापासून ऐकणाऱ्याला माहीत असते की शेवट ‘उपाशीच आहे’ असा होणार. त्यामुळे तिसऱ्या ओळीच्या टोकाला ‘पाहे’ आले की त्याच्या ओठांवर पुढचे शब्द येतात. ‘घरातील डोळा कुणाचा न पाहे’ ऐवजी ‘घरातील कोणी न पाही कुणाला’ म्हणून पाहा. वृत्त शाबूत आहे, अर्थही जवळपास तोच. पण ‘उपाशीच आहे’ आता न सांगता येऊन उभे राहते, घंटा वाजतच नाही.

दुसरे काम शब्दांच्या जातीचे. राहे, पाहे, साहे ही रूपे आज कुणी बोलत नाही. ‘आई वाट पाहे’ असे कुणी फोनवर सांगणार नाही. ही जुन्या कवितेतली, पोथीतली रूपे आहेत. वड्याच्या गोष्टीत ती आली की माणूस स्वतःला किती मोठा समजतो आहे ते दिसते. ‘त्यजावे’ याची जोडी ‘घालवावे’शी लावणे हाही त्याच प्रकारचा खेळ, एक शब्द मठातला आणि दुसरा स्वयंपाकघरातला.

आता थोडी टीका. रहावा–असावा आणि त्यजावे–घालवावे ही यमके सोपी आहेत. एकच प्रत्यय दोन क्रियापदांना लावला की ती तयार होतात, शोधावी लागत नाहीत. एरवी हा दोष मानावा. इथे मात्र ‘-आवा’, ‘-आवे’ ही उपदेशाची भाषा आहे: असे करावे, तसे वागावे, अन्न वाया घालवू नये. माणूस स्वतःलाच प्रवचन देतो आहे आणि प्रत्येक उपदेशाचा निष्कर्ष आणखी एक वडा असा निघतो आहे. यमक स्वस्त आहे, पण जागी पडले आहे. रसग्रहणात यमकाची नुसती जोडी लिहिण्यापेक्षा ते कोणत्या शब्दांवर पडले, कुणाच्या तोंडच्या भाषेवर पडले, हे लिहिले तर उत्तराला वजन येते.

‘पाहे’ दोनदा आले आहे, ते कसे समजायचे? शब्द संपले म्हणून, असे म्हणता येईल. ‘आहे’शी जुळणारे शब्द मराठीत मोजकेच आहेत. पण दुसऱ्या कडव्यात कुणाचा डोळा ‘न पाहे’ आणि चौथ्यात माय ‘पाहे’. एकाच शब्दाने आधी निर्धास्त केले, मग पकडून दिले. पुन्हा आलेले यमक दिसले की दोन्ही शक्यता तपासाव्यात आणि अर्थाचा धागा सापडला तरच दुसरी लिहावी.

पुनरावृत्ती

तिन्हींपैकी विनोदी कवितेत सर्वांत जास्त काम पुनरावृत्ती करते, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी लिहिले जाते. ‘पालुपद’ हा शब्द आपण बोलण्यात वैतागून वापरतो, तेच तेच पुन्हा सांगणे या अर्थी. कवितेत मात्र तेच तेच सांगताना एखादी छोटी गोष्ट बदलते आणि लक्ष त्या बदलावर खिळते.

आपल्या पालुपदात पहिली तीन कडवी एकच शब्द खरा बदलतो, तो म्हणजे आकडा. ‘वडा’चे ‘वडे’ व्याकरणाने होते. बाकी ओळ जशीच्या तशी. उत्तरार्ध, ‘उपाशीच आहे’, तर अजिबात हलत नाही. एका बाजूला वाढणारा आकडा आणि दुसऱ्या बाजूला न हलणारा दावा. जितके वडे वाढतात तितका तो दावा ताणला जातो, शब्द न बदलता.

हे तपासायला दुसऱ्या कडव्याची शेवटची ओळ बदलून पाहू:

दुजाही उडाला, रिते पोट माझे

वृत्त बरोबर आहे, मजकूर तोच आहे, उलट भाषेत वैविध्य आले आहे. आणि हसू गेले. वैविध्य ही निबंधातली चांगली गोष्ट असेल. इथे ऐकणाऱ्याला ओळखीची ओळ हवी होती, कारण ती ओळखीची असल्यामुळेच त्याने पुढचा आकडा मनात मोजायला घेतला होता. भारुडात आणि कीर्तनात मागे उभे असलेले साथीदार ध्रुवपद उचलतात, त्यामागे हीच ओढ असते. संत एकनाथांची (१५३३–१५९९) भारुडे लोकांपुढे उभे राहून सादर होतात, त्यांतली परत येणारी ओळ हा श्रोत्यांच्या सहभागाचा दरवाजा असतो. आज शाळेच्या स्नेहसंमेलनात मुले विनोदी कवितेची शेवटची ओळ एका सुरात म्हणतात, तेही त्याच दरवाजातून आत येणे.

चौथ्या कडव्यात पुनरावृत्तीचा वेग बदलतो. आतापर्यंत एका कडव्यात एक आकडा येत होता. ‘वडे चार झाले, वडे पाच झाले’ या एकाच ओळीत दोन येतात. सबबीही संपल्या. एकटेपणाची कणव, अन्न वाया न घालवण्याचे तत्त्व, यांतले आता काही नाही. माणूस नुसता खातो आहे. ‘खातो’चे ‘झाले’ होते, म्हणजे खाणारा वाक्यातून गायब झाला आणि वडे आपोआप होऊ लागले. हात झटकण्याची ही रीत मराठी वाचकाला ओळखीची आहे: ‘कप फोडला’ कुणी म्हणत नाही, ‘कप फुटला’ म्हणतात.

मग शेवटची ओळ. पालुपदाचा पूर्वार्ध मोडतो, ‘वडे’ जातात, ‘जरा वाढ काही’ येते. उत्तरार्ध तसाच राहतो, पण तो आता दुसऱ्याच कुणाला उद्देशून आहे. तीन कडवी माणूस स्वतःची समजूत घालत होता. आता तेच शब्द आईला सांगतो. स्वतःशी सांगितलेली सबब पहिल्यांदा दुसऱ्यापुढे खोटे म्हणून उभी राहते. शिवाय आईला दिसते ते रिकामे ताट. रिकामे ताट हा खाल्ल्याचाही पुरावा असू शकतो आणि न वाढल्याचाही. आई कोणता अर्थ घेते ते कविता सांगत नाही, आणि सांगितले असते तर पाचवे कडवे लिहावे लागले असते.

बदललेले पालुपद शेवटी ठेवणे ही विनोदी कवितेची फार जुनी युक्ती आहे. तिचे यश दोन गोष्टींवर ठरते. पालुपद आधी पुरेसे रुजले पाहिजे, म्हणजे किमान तीनदा यावे; दोनदा आलेल्या ओळीची सवय होत नाही. आणि शेवटी सगळी ओळ बदलू नये. इथे ‘उपाशीच आहे’ राहिले म्हणून ‘जरा वाढ काही’ने झटका दिला.

लहान पुनरावृत्त्याही आहेत, त्या झटपट नोंदवाव्यात: ‘नको तेल... नको तूप’ मधला निग्रह, ‘कुणी मोजले अन् कुणाला कळाले’ मधली जबाबदारीची टाळाटाळ. सगळ्यांनाच अर्थ चिकटवायला जाऊ नये.

वृत्तच नसेल तर?

आजच्या पुष्कळशा वात्रटिका अक्षरगणवृत्तात नसतात. छोट्या-छोट्या ओळी, बोलीचा ओघ आणि शेवटी एक नेमके यमक. तिथे मोजणीच्या मागे लागू नये. ओळ कुठे तोडली आहे ते पाहावे, कारण कलाटणी देणारा शब्द नव्या ओळीवर एकटा ठेवला की त्याआधीची क्षणभराची उसंत वृत्तातल्या यतीचे काम करते. यमकही प्रत्येक ओळीला नसते. ते शेवटासाठी राखून ठेवलेले असते.

इंग्रजीतली लिमरिक मराठीत आणताना येणारी अडचणही इथेच समजते. पाच ओळी, पहिली-दुसरी-पाचवी एका यमकाची आणि मधल्या दोन आखूड ओळी दुसऱ्या यमकाच्या, असा तो बंध. एडवर्ड लिअरच्या १८४६ सालच्या पुस्तकामुळे तो लोकप्रिय झाला. यमकांचा आराखडा मराठीत सहज आणता येतो. चाल येत नाही, कारण ती इंग्रजी शब्दांतल्या आघातांवर उभी आहे आणि मराठी पद्य लघु-गुरूंच्या लांबीवर चालते. मराठीत लिमरिक लिहिणाऱ्याला त्या उड्या मारणाऱ्या चालीसाठी एखादी मात्रांची रचना स्वतः शोधावी लागते. असे लेखन तपासताना ओळी पाचच आहेत का यापेक्षा मधल्या दोन आखूड ओळी वेग वाढवतात का, हे पाहणे उपयोगाचे.

रसग्रहणात लिहिताना

समजा परीक्षेत किंवा लेखात चार ओळींची जागा आहे. ‘कविता भुजंगप्रयात वृत्तात असून राहे-आहे, पाहे-आहे अशी यमके साधली आहेत. उपाशीच आहे या पालुपदामुळे कविता नादमय झाली आहे.’ असे लिहिले तर यात खोटे काही नाही, पण कवितेच्या जागी आरती असती तरी शब्द बदलावे लागले नसते.

त्याऐवजी असे लिहिता येईल: ‘श्लोकांच्या ओळखीच्या भुजंगप्रयात वृत्तात वड्यांची गणती मांडल्याने निग्रहाची चाल आणि मोडणारा निग्रह यांतला विरोध ऐकू येतो. ओळीच्या पूर्वार्धात आकडा वाढतो आणि उत्तरार्धातला दावा तसाच राहतो, त्यामुळे तो दर कडव्यात अधिक हास्यास्पद ठरतो. शेवटी पूर्वार्ध बदलून तोच दावा आईपुढे येतो तेव्हा सबबीचे खोट्यात रूपांतर होते.’ शब्द थोडे वाढले, पण प्रत्येक वाक्य याच कवितेबद्दल आहे.

कविता व्यासपीठावर म्हणायची असेल तर याच निरीक्षणांचा उपयोग वेगळा होतो. पहिल्या तीन कडव्यांत पालुपद एकाच गतीने, एकाच पट्टीत म्हणावे. दर वेळी अभिनय वाढवला तर आकड्याकडे लक्ष राहत नाही. ‘वडे चार झाले, वडे पाच झाले’ भरभर. ‘रिते ताट पाहे’नंतर थांबावे, प्रेक्षकांतून कुणीतरी ‘वडे सहा’ म्हणेपर्यंत. बहुधा कुणीतरी म्हणतेच, आणि वृत्तात न बसणारा तो सहावा वडा सभागृहात पडला की शेवटची ओळ अगदी हळू, आईला सांगितल्यासारखी म्हणावी.